समुद्रावरचं वऱ्हाड

१९ नोव्हेंबर, बुधवार
दुकानातून, दुपारी

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझ्या भाऊजींच्या लिफ्ट अजून माणसांना मधल्या मजल्यावर अडकवतात आणि हे जाऊन त्यांना सोडवतात. दादूला आता माझ्या चपला होतात. मी काउंटरमागे बसून लिहितेय, मालक जेवायला गेलेत. समोर एक आजोबा चष्म्याची चौथी फ्रेम लावून आरशात बघतायत. त्यांना आवडलीय ती पहिलीच, पण ते त्यांना अजून कळायचंय.

फोनच का नाही केला, म्हणशील. फोनवर तू हल्ली नुसतं 'हं' म्हणतेस, आणि तुझ्या 'हं'पुढे मला काही सुचत नाही.

तर शनिवारच्या गॅदरिंगचं. चिमीने तुला परस्पर आमंत्रण दिलं आणि तू येते म्हणालीस, हे मला तिच्याकडूनच कळलं. अगं, एवढा दिवसभराचा प्रवास करून यावं असं त्यात काही नाही. नाटकात ती झाड झालीय. झाडाला एक वाक्यसुद्धा नाही, नुसतं हात वर करून उभं राहायचं, तेही मागच्या रांगेत. हॉल कोंदट, खुर्च्या लोखंडी. त्यात तुला रजा मिळायची मारामार. मी व्हिडिओ काढून पाठवीन. पुढच्या वर्षी तिला बोलायचं काम मिळालं की मुद्दाम ये.

एवढं लिहून मी उठले, आजोबांना फ्रेम दिली (पहिलीच), आणि परत येऊन वाचलं. माझी मलाच लाज वाटली. खोटं बोलताना मी जास्त बोलते, असं तूच म्हणायचीस ना? तर आता सरळ लिहिते.

तू शनिवारी आलीस तर शाळेत तुला स्टेजवर बोलावून लग्नाच्या शुभेच्छा देणार आहेत.

बस. लिहिलं एकदाचं.

चिमीने तू येणार हे वर्गात सांगून टाकलंय, आणि शाळेच्या लेखी तुझं लग्न झालेलं आहे. झालं असं. तुझं लग्न ठरलं तेव्हाच मी शाळेत जाऊन दादू-चिमीची चार दिवसांची रजा मंजूर करून आणली होती. मोठ्या बाई रजेच्या बाबतीत किती कडक आहेत ते तुला ठाऊक आहे, पण "सख्ख्या मावशीचं लग्न, मग जायलाच हवं," म्हणाल्या. मी दुकानात रजा टाकली, ह्यांनी कामावर टाकली. मग त्या बँकवाल्याने एक फोन करून अंग काढून घेतलं. तू आम्हाला म्हणालीस, "सुटले एकदाची." आणि आम्ही सगळ्यांनी ते लगेच खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं. हॉल रद्द झाला, पाहुण्यांना कळवलं. शाळेला मात्र कोणी कळवलं नाही.

पहिल्यांदा ते ह्यांच्याच डोक्यात आलं. "रजा मंजूर आहेच. सुट्टीत समुद्रावरच्या ज्या खोलीचं भाडं ऐकून आपण फोन ठेवतो, तीच आता अर्ध्यात मिळतेय. पोरांनी समुद्र बघायचा कधी? शाळा काय पळून जातेय का?" मी आधी नाही म्हटलं. मग म्हटलं, बघू. मग मुलांचे पोहायचे कपडे लहान झालेत का ते बघायला लागले.

मुलांना बजावलं, कोणी विचारलं तर मावशीच्या लग्नाला जातोय म्हणायचं. दादूला सगळं समजलं, तो आता समजायच्या वयाचा आहे. चिमीला काय समजलं ते आम्ही विचारलंच नाही.

ठमे, तिथे माझा जीव घटकाभर जागेवर नव्हता. वाळूत कोणी कुटुंब दिसलं की मला ते शाळेतलंच वाटायचं. मी मुलांना भर पाण्यात टोप्या घालायला लावल्या, कारण लग्नाला जाऊन कोण रापून येतं? तरी चिमीच्या नाकाचं साल निघालंच. परत आल्यावर बाईंनी विचारलं तर दादूने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "लग्न मैदानात होतं." ह्यांना हसू आवरेना. मी पण हसले. रात्री मात्र मनात आलं, की हे पोर एवढं सफाईने बोलायला शिकलं कुठे? शिकवलं आपणच की.

आता खरं अवघड ते.

तुझ्या लग्नाचा जो दिवस होता, त्या सकाळी चिमी तो निळा फ्रॉक घालून बसली, तुझ्या लग्नासाठी घेतलेला. मला न सांगता तिने तो बॅगेत कोंबला होता. काढ म्हटलं तर भोकाड पसरलं. ह्यांनी म्हटलं, राहू दे, सुट्टी आहे. मग ती फ्रॉक भिजेल म्हणून पाण्यात येईना. आमच्या चटईवर, पिशवीजवळ, गुडघे जुळवून बसून राहिली. आम्हाला वाटलं, शहाणी झाली.

तेव्हा तुझा फोन आला. मी हातात घेऊन तुझं नाव बघितलं आणि उचलला नाही. थोड्या वेळाने पुन्हा आला, तोही नाही. उचलला असता तर लाटांचा आवाज तुला ऐकू गेला असता. मी आवाज बंद करून फोन पिशवीत टाकला आणि पाण्यात गेले. संध्याकाळी तुला मेसेज केला की आम्ही घरीच होतो, चिमीला ताप होता, फोनकडे लक्ष नव्हतं. तू उत्तर दिलंस, "काळजी घे तिची."

तुला बरोबर का नेलं नाही, हे तू कधी विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. मनात आलं होतं. पण मला ते चार दिवस हसायचं होतं, आणि तुझा चेहरा समोर असता तर हसता आलं नसतं. एवढंच कारण. आई नसताना त्या दिवशी तुझ्या शेजारी उभी राहणार होते ती मीच. लग्न मोडलं म्हणून ते काम संपलं, असं मला वाटलं. माझ्यासारखी मूर्ख बाई नसेल.

इथवर कबूल करून, शनिवारी येऊ नकोस असं तुला विनवावं, असा माझा बेत होता, आणि वर सवयीने तेच खोटं कारण देऊन लिहूनही गेले. पण काल संध्याकाळी केस विंचरताना मी चिमीला म्हटलं, "मावशी आली तर समुद्राचं काही बोलायचं नाही हं."

"पण मावशीला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"आपण समुद्रावर होतो ते. तिचा फोन पिशवीत थरथरला तेव्हा मीच उचलला ना. तुम्ही पाण्यात होतात."

मी तिला माझ्याकडे वळवलं.

"काय बोललीस तू?"

"मी म्हटलं, मावशी, आम्ही कधीचे आलोय तुझ्या लग्नाला, तू कधी येणार?"

"मग?"

"मग ती म्हणाली, कोण कोण आलंय? मी म्हटलं, आपण चौघंच, आणि एक कुत्रा."

"मग?"

"मग म्हणाली, फोन जरा समुद्राकडे धर. मी धरला. हात दुखला तरी धरला. मग तो आपोआप बंद झाला."

मी फोन काढून बघितला. न उचललेल्या दोन फोनच्या वर तो तिसरा होता, चांगला लांबलचक. म्हणजे माझा तापाचा मेसेज वाचताना तुला सगळं माहीत होतं. तरी लिहिलंस, काळजी घे तिची.

मालक आले. पुढचं घरी जाऊन लिहिते.

*

घरून, दिवेलागणीला

दुकानातून निघाले ती घरी न येता शाळेत गेले. पाय मागे ओढत होते, पण गेले. चिमीच्या बाई फळा पुसत होत्या. मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसून मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता खडसावतील. मोठ्या बाईंना कळवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. ते चार दिवस बिनपरवानगी लागतील, उद्या आम्हा दोघांना बोलावणं येईल. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "लिफ्टमध्ये अडकलो म्हणून सांगू का?" पण भीती त्यांनाही वाटतेय.

पण बाईंनी मला विचारलं ते वेगळंच. म्हणाल्या, "मग त्या दिवशी मावशी कुठे होत्या?"

मला ते माहीतच नव्हतं गं. उठून आले.

निघताना त्यांनी वर्गाचं भेटकार्ड माझ्या हातात दिलं. "मुलांनी आठवडाभर रंगवलंय, फेकवत नाही," म्हणाल्या. आता ते इथे टेबलावर पसरलंय. अख्ख्या वर्गाने नवरा-नवरी काढलेत, फुलं काढलीत, कोणी विमान काढलंय. आमच्या चिमीचं चित्र कोपऱ्यात आहे. समुद्र, तिघं पाण्यात, कुत्रा, आणि एक निळा फ्रॉक, हात लांब करून फोन धरलेला. मी विचारलं, "यात मावशी कुठेय?" तर फोनवर बोट ठेवून म्हणाली, "ही काय."

शनिवारी ये. स्टेजवर कोणी बोलावणार नाही, मी बघून घेतलंय. मागच्या रांगेतलं झाड तू दिसेपर्यंत हात खाली करणार नाही, असं म्हणतंय. आणि यायचं नसलं तर निदान फोन कर. 'हं' म्हण, शिव्या घाल, काही बोलू नकोस, मी धरून बसेन.

आणि मला सांग, ठमे. त्या दिवशी तू कुठे होतीस?

तुझ्याच लग्नाला तुला न नेणारी,
ताई