गंजाची शाल

३ जून, सकाळ.
सगळ्यांची विचारपूस करून वहीचा आरंभ. ही कशी आहे? गुडघा कुरकुरतो, जीभ ठणठणीत. सूनबाई? बरी; झोप अपुरी. नात? दात येतायत, म्हणजे मजेत. मी? उत्तम. मागच्या खोलीच्या पत्र्यावरची पाण्याची टाकी? भरलेली. टाकीचा लोखंडी स्टँड? जरा गंजलाय. काळजीचं कारण नाही.
रद्दीतून विज्ञानाचं पुस्तक आणलंय. संकल्प: रोज एक धडा. घरातली दुरुस्ती यापुढे शास्त्राने.

५ जून.
बर्फाचं पाणी, पाण्याचा पुन्हा बर्फ: भौतिक बदल, मूळचं परत मिळतं. कागद जाळून राख: रासायनिक, परत मिळत नाही. सोपं आहे. हिला समजावलं. ही म्हणाली, नासलेलं दूध परत चांगलं करून दाखवा मग. उदाहरण बरोबर होतं. स्वयंपाकघरातलं म्हणून सोडून दिलं.

९ जून.
वेल्डर येऊन गेला. स्टँडचा पाय हातोडीने ठोकला. टण् ऐवजी थप्प. म्हणाला, काका, आत काही उरलं नाही, नुसती साल आहे; टाकी आजच रिकामी करा, अन् बाळाला या खोलीत झोपवू नका. धंद्याची माणसं अशीच भिववतात. पुस्तकात स्पष्ट छापलंय: अ‍ॅल्युमिनियमवर हवेने थर बसतो आणि तो थरच आतल्या धातूला राखतो. मग लोखंडाने काय घोडं मारलंय? धातू सगळे एका आईची लेकरं. गंज म्हणजे लोखंडाने पांघरलेली शाल. वेल्डरला चहा पाजून वाटेला लावलं.

१२ जून.
नातीच्या अंथरुणावर तांबडी पूड. हिने अंथरूण पुढच्या खोलीत नेलं. मी परत आणलं. संध्याकाळी पुन्हा पुढे. पुन्हा आणलं. घरात कोणीतरी धीर दाखवायला हवा. सूनबाई सारखी वर बघते.
निर्णय: शालीवर चंदेरी रंग.

१५ जून.
पहिला हात झाला. स्टँड नवरदेवासारखा दिसतो. एके ठिकाणी ब्रश जरा आत गेला. आत म्हणजे आरपार. रंग पातळ असावा.
टाकी भरताना कण्हल्यासारखा आवाज. धातू थंडावला की आकुंचन पावतो. भर उन्हात कसा थंडावला, ते पुढच्या धड्यात येईल.

१६ जून, सकाळ.
तिघी हिच्या बहिणीकडे गेल्या. जाताना ही म्हणाली, अहो, शास्त्र तुम्ही सांभाळा, पोरीला मी सांभाळते. सूनबाई एवढंच बोलली: बाबा, टाकी रिकामी करा.
मी काठोकाठ भरली. नातीचं अंथरूण मूळ जागी घातलं. परत येतील तेव्हा बघतीलच. दुसऱ्या हाताचा रंग आणायला निघतो.

१६ जून, दुपार.
रंग मिळाला.
टाकी खाली आलीय. पत्र्यासकट. स्टँडचा पाय हातात घेतला तर चुरा झाला. चंदेरी सालपट तेवढं शाबूत. टाकी नेमकी अंथरुणावर आहे. खालची चिमुकली उशी निघेना. बराच वेळ ओढत होतो.
ही फोन उचलत नाही. दूधवाल्याच्या हाती चिठ्ठी पाठवतो. मजकूर असा:
गुडघा कसा आहे? सूनबाई झोपली का? नातीचा दात वर आला का? ती तुझ्या मांडीवर आहे ना, एवढं सगळ्यात आधी सांग. इथे थोडा बदल झालाय. पुस्तक म्हणतं, मूळचं परत मिळालं तर बदल भौतिक. तुम्ही परत येणार ना? लवकर कळव.