सातव्या भागातली कडी

सातारा,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. उत्कर्षास अ. उ. आ.

काल रविवारी, दोन फेब्रुवारीला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू एका चांगल्या कादंबरीचा गळा दाबलास. तुझ्या श्राव्यनाटकाचा सातवा भाग मी तेव्हा ऐकत होते. शेजारचे निवृत्त सुभेदार तानाजीराव सोबत होते. ते डोळे पुसत म्हणाले, पोरगी लय जीव तोडून बोलतीया. मी म्हटलं, जीव तोडा, पुस्तक कशाला तोडता.

ही कादंबरी मी कॉन्व्हेंटात बायबलखाली लपवून वाचलेली आहे. तिथे मराठी बोललं तरी सिस्टर कोपऱ्यात उभं करायच्या. नायिका संयोगिता नदीपलीकडच्या शाळेत शिकवायला जाते. तिला कुणी अडवत नाही. नवरा नावेपर्यंत पोचवायला येतो. मग तुझ्या नाटकात तिच्या खोलीला बाहेरून कडी कुठून आली? धान्याची कोठी, भिंतींवर टांगलेल्या गोधड्या, जेवणाचं ताट आत सरकवून पुन्हा कडी, हे कोणत्या पानावर आहे? आणि ती सारखी एका आत्याला हाका मारते. कादंबरीत आत्याच नाही.

कडीचा आवाज मात्र खरा वाटतो, हे कबूल. पण पुरुषांचे संवादही तूच बोलतेस. नवरा सर्दी झालेल्या मांजरासारखा वाटतो. इस्लामपुरात पुरुष संपले का? पूर्वी रोज फोन करायचीस, आता तोही बंद. पानांच्या आकड्यांसह खुलासा पाठव. लोभ आहेच; तो वाढवायचा की नाही, ते खुलाशावर ठरेल.

तुझी,
माया आत्या

इस्लामपूर,
७ फेब्रुवारी

ती. आत्यांस उत्कर्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. इकडे खुशाल. ऊसतोड चालू आहे. सासूबाईंचा गुडघा बरा आहे.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. सातवा भाग ह्यांनी काढून टाकला. आठवा निघणार नाही. माइक कपाटात ठेवला आहे. पुण्याच्या स्टुडिओचं बोलावणं नाकारलं, तेव्हाच परक्या पुरुषांबरोबर बसून बोलायचं नाही असं घरात ठरलं होतं. म्हणून सगळे आवाज माझेच.

आत्याबद्दल विचारलंत. पुस्तकात माणूस मनातल्या मनात बोलू शकतं. नुसतं ऐकणाऱ्याला मनातलं ऐकू येत नाही. म्हणून संयोगितेला बोलायला कुणीतरी द्यावं लागलं. तिला दुसरं कुणी आठवलं नाही.

लोभ असू द्यावा. तो इथवर ऐकू येतो.

आपली,
उत्कर्षा

ता. क. आत्या, तुमचे आभार. भाग मीच नेटवर टाकायचो, पण ऐकायला सवड नसते. तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं. कोठीला कडी असते ती रेकॉर्डिंगमध्ये कुणी मध्ये येऊ नये म्हणून. गैरसमज नसावा. – राजवर्धन

सातारा,
१० फेब्रुवारी, सकाळी साडेसात

चि. राजवर्धनास,

आशीर्वाद राखून ठेवला आहे.

तुझे आभार तुलाच परत. सगळ्या गावाला रडवणारी पोर मला हाक मारत होती, आणि मी तिला पानाचा आकडा विचारला. वर ते पत्र तुझ्याच घरी पाठवलं. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट तू फोडणार, हे तुझी सख्खी आत्या असून मला सुचलं नाही.

कुणी मध्ये येऊ नये म्हणून लावायची कडी आतून लावतात, राजा. बाहेरून लावलेली कडी आतल्या माणसासाठी असते. तुझ्या आईलाही हे वाचून दाखव, सगळ्यांसमोर, तसंच.

सातवा भाग तू काढलास. तानाजीरावांच्या मोबाइलमध्ये तो आहे. तुझ्या गोधड्यांनी सगळा गोंगाट अडवला, त्यामुळे कडी फार स्वच्छ ऐकू येते. पोलीस ठाण्यातल्या बाईंनाही येईल.

हे पत्र तानाजीराव मिळेल त्या पहिल्या एसटीने घेऊन येत आहेत. त्यांना चहा दे, पण ते उठणार नाहीत. सरहद्दीवर बसलेला माणूस आहे, तुझा उंबरा त्यांना जड नाही. त्यांच्याजवळ परतीची दोन तिकिटं आहेत.

मला लेखी उत्तर हवं. तुझं नको. उत्कर्षाच्या अक्षरात, कोठीबाहेर बसून लिहिलेलं, आणि ते तिने स्वतः माझ्या हातात आणून द्यायचं. आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत.

माया आत्या