वर संडास कोण धुतं?

बाई,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज रविवारी सकाळी भाजी निवडायची सोडून मी तुम्हाला लिहायला बसले आहे. खरं तर बसले होते आमच्या मुख्याध्यापिकांना लिहायला. माझ्या पाचवीच्या वर्गातली कामांची यादी भिंतीवर का राहावी, याचं कारण उद्या त्यांना लेखी द्यायचंय. यादीत शाळेचा संडास धुणंही आहे आणि त्यावरून एक पालक भांडून गेले. ‘आमची मुलगी घरी ताटसुद्धा उचलत नाही, टीचर,’ हे त्यांनी अशा थाटात सांगितलं, जणू मुलीला बक्षीसच मिळालंय. मी विरारला इंग्रजी शाळेत शिकवते, इथे मला टीचर म्हणतात. बाई म्हणजे अजून तुम्हीच.

यादीची कल्पना तुमचीच. सहावीत तुम्ही आम्हाला अंतराळ स्थानकातला दिवस शिकवला होतात. पुस्तकात रॉकेटचं चित्र होतं आणि खाली चार ओळी. तेवढ्यावर तुमचं भागेना. निर्मळ गावाहून सायकल हाणत यायचात, केसांत वाडीतली अबोली, आणि पिशवीत एक वही. वसईच्या सायबर कॅफेत, गेम खेळणाऱ्या पोरांच्या गोंगाटात बसून तुम्ही ती भरली होतीत. स्थानकातली माणसं भिंतीला बांधलेल्या पिशवीत झोपतात. दिवसात सोळा वेळा सूर्य उगवतो, म्हणून घड्याळ बघूनच उठतात. हाडं झिजू नयेत म्हणून रोज दोन तास स्वतःला पट्ट्यांनी जखडून घेऊन व्यायाम करतात. हातातला चमचा सोडला की तो फिरायला निघतो, आणि हरवलेली वस्तू बहुतेक वेळा हवा ओढून घेणाऱ्या जाळीवर चिकटलेली सापडते. तुम्ही इतक्या रंगून सांगत होतात की बाई परवाच तिथून आल्यात असं आम्हाला वाटलं. मी हात वर केला. ‘बाई, वर संडास कोण धुतं?’

वर्गात हशा पिकला. मला मात्र उत्तर खरंच हवं होतं. त्याच शाळेचे संडास माझी आई धुवायची. सगळी मुलं तिला मावशी म्हणायची. मागून एक मुलगा ओरडला, ‘हिच्या आईला पाठवा वर!’ तुम्ही त्याला मारलं नाहीत, रागावलाही नाहीत. ‘प्रश्न चांगला आहे. मला उत्तर माहीत नाही, शोधून सांगते,’ एवढंच म्हणालात. शिक्षकाला एखादी गोष्ट माहीत नसते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पण तुमचा रागही आला. वाटलं, त्याच्या एक मुस्काटात ठेवून द्यायला हवी होती.

पुढच्या सोमवारी तुम्ही उत्तर घेऊन आलात. ‘वर मावशी नाही. पाळीपाळीनं सगळे करतात, प्रमुखसुद्धा. बिघडलं तर मोठमोठ्या पदव्यांची माणसं हातमोजे घालून दुरुस्तीला बसतात. शनिवारी सगळे मिळून भिंती पुसतात. लघवीसुद्धा शुद्ध करून तेच पाणी पितात, मग त्या कामाला हलकं कोण म्हणेल?’ आम्ही शी शी करत होतो तोवर तुम्ही फळ्यावर पाळ्यांची यादी लिहून मोकळ्या झालात. पहिलं नाव तुमचं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही पदर खोचून आत जाता. आई दारात अवघडून उभी. ‘बाय, तुमी नका करू. मना कसातरी वाटतं.’ तुम्ही तिच्या हातातला ब्रश घेता. ‘मावशी, कोपऱ्यात कसं घासायचं ते दाखवा.’ आई जराशी घुटमळते, मग तिला राहवत नाही. ‘असा नाय, तिरपा धरा. पानी मागून, आदी पावडर.’ आणि तुम्ही तिरपा धरता. ज्यांच्याशी मुख्याध्यापकही जपून बोलायचे त्या तुम्ही, ‘आता बघा बरं,’ म्हणत माझ्या आईकडून शिकता आहात. अख्खा वर्ग दाराशी दाटलेला, पण कुणी हसत नाही. गुरुवारी त्या ओरडणाऱ्या मुलाची पाळी आली, तेव्हा त्यानं आईला विचारून विचारून काम केलं. घरी आल्यावर आई मला म्हणाली, ‘तुजी बाय शिकेल. हात चांगला हाय.’ आईनं कुणाची एवढी तारीफ केलेली मी त्याआधी ऐकली नव्हती. बाई, तुमच्याइतकं मोठं माणूस मला पुढे भेटलं नाही, आणि हे तुम्हाला जिवंतपणी सांगायचं राहून गेलं.

उद्या द्यायचं कारण मी चांगलं लिहीन, मुख्याध्यापिका कदाचित मानतीलही. माझं घोडं अडलंय ते दुसरीकडेच. माझ्या यादीत वर्गातल्या सगळ्यांची नावं आहेत, माझं नाही. एका मुलीनं विचारलं, ‘टीचर, तुमचा टर्न कधी?’ मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात. त्याला तीन आठवडे झाले. तुम्ही ब्रश धरलात तेव्हा सगळ्यांना ब्रश धरलेल्या बाई दिसल्या. मी धरला तर मावशीची मुलगी दिसेल, ही भीती काही केल्या जात नाही. खरं म्हणजे ती कुणाला दिसायचं कारणच नाही. आई काय करायची, असं स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की मी ‘शाळेत होती’ एवढंच सांगते. ऐकणारे ती शिक्षिका होती असं धरून चालतात, आणि मी त्यांना तसं धरून चालू देते.