मोहरीची पिशवी

आई, उद्या केमोचा पाचवा डोस आहे आणि मी जाणार नाही म्हणून सांगून बसले आहे. डावी बाजू काढून चार महिने झाले. केस गेले, तोंडाची चव गेली, तेही सोसलं. पण दारापासून गाडीपर्यंत जाताना पदर कितीही ओढला तरी गल्लीतल्या बायकांची नजर तिथेच येते, ते आता सोसवत नाही. "तू नाही आलीस तर मीही तळोज्याला ड्युटीवर जात नाही, बसू दोघं घरात," असं हे म्हणाले आणि मोरीत नळ सोडून रडले. मला सगळं ऐकू येतं गं. मला मरायचं नाही, आणि घराबाहेर पाऊलही टाकवत नाही.

सासूबाई गव्हाणच्या, सुई धड धरता येत नाही त्यांना. तरी आज जुन्या साडीची पिशवी शिवून त्यात कापूस भरला. "बग गो बाय, कुनाला कलनार पन नाय." घालून आरशासमोर हात वर केला, तर ब्लाऊज एका बाजूने वर चढला. मी पिशवी फेकली आणि ओरडले त्यांच्यावर. मग तुझी आठवण आली.

टपाल नाक्याच्या खोलीत तू मशीनवर बसली आहेस, मी सातवीत आहे. ऐन दुपारी, दुसरं कुणी नसताना, माझ्यासारखीच एक बाजू काढलेल्या त्या बाई माप द्यायला येतात. तू पडदा ओढतेस, मी फटीतून बघते आणि फिसकन हसते. त्या गेल्यावर तू संध्याकाळपर्यंत त्यांचा ब्लाऊज शिवतेस आणि नुसता माझ्या मांडीवर टाकतेस. "हुक लाव. आणि पिशवीत कापसाबरोबर मोहरी घाल. वजन दोन्हीकडे सारखं नको? नाहीतर बिचारी दिवसभर ब्लाऊजच ओढत बसेल." मी भरते, तू तळहातावर तोलून बघतेस. "अजून चिमूटभर."

तो ब्लाऊज न्यायला त्या आल्याच नाहीत. तू तो वर्षानुवर्षं कपाटात जपलास. शेवटच्या आजारपणातही म्हणालीस, "माझं माप कुठे चुकलं असेल गं?"

आत्ता सासूबाईंकडे मोहरी मागितली, तर अख्खा डबाच आणून समोर ठेवला त्यांनी. मी भरते आहे, तोलते आहे, पण तुझ्यासारखं जमत नाही. उद्या जाईन मी. बघू देत बायकांना. मीही बघितलंच होतं.

हे पत्र तुझ्या मशीनच्या खणात राहील. माप चुकलं नव्हतं, आई. दुसऱ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत फ्रॉकमध्ये रुमाल कोंबून त्या बाईंची नक्कल केली होती. त्यांची भाची आमच्याच वर्गात होती, आणि ते मला माहीत होतं.