गायकाचा वेगळा बॉक्स

१२ जून १९९४, सकाळी ६
काल बँड काढला. कंट्री-रॉक. देवासमधला पहिलाच, खात्री करून लिहितोय, इंदूरलाही चौकशी केली. कारखान्यात मशीन बसवायला आलेला अमेरिकन इंजिनियर जाताना एक कॅसेट देऊन गेला होता. वर्षभर तीच ऐकतोय. रस्ता, ट्रक, विरह आणि मागे ठणठणीत ड्रम. आग्रा-मुंबई रोड आपल्या गावातून जातो, मग आपली गाणी का नसावीत? सात लिहिली. मराठीत.
नाव : मैलाचा दगड. गिटार आणि मुख्य गायन मी. हवाईयन गिटार दत्ताजी, बँकेतून रिटायर. ड्रम आमच्याच कारखान्यातला पियूष, बास अभिषेक. पियूष म्हणाला, 'भिया, नाम में पत्थर जरूरी है क्या?'
वय एक्केचाळीस. उशीर झाला का? प्रामाणिकपणे विचार केला. नाही.
संकल्प : रोज पहाटे साडेपाचला एक तास रियाझ.

१९ जून
रियाझ आठवडाभर चालू. शेजारच्या ताई येऊन विचारून गेल्या, घरात कोणाला बरं नाही का? इतकी विचारपूस हल्ली कोण करतं.

१४ सप्टेंबर
महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवात काल पहिला कार्यक्रम. तिसऱ्या गाण्याला अध्यक्ष अण्णांनी मध्येच प्रसाद वाटायला घेतला. अर्धा हॉल उठला. नियोजन ढिसाळ.

३ मार्च १९९६
अभिषेकची पीथमपूरला बदली. पियूष म्हणतो, त्याने अर्ज करून मागून घेतली. बास गेला, साउंड मोकळा झाला. मोठमोठे बँड मुद्दाम असं करतात. याला दुसरा टप्पा म्हणायचं.

११ सप्टेंबर १९९७
काल कमाल झाली. समाजाने यंदा साउंडला नवा माणूस आणलाय, खंडोजी. आम्ही दोन गाणी तपासून घेतली, तोवर तो माझ्याकडे टक लावून ऐकत होता. मग दत्ताजींशी काही बोलला आणि स्पीकरचा एक लहान बॉक्स आणून माझ्या पायाशी ठेवला, तोंड माझ्याकडे. फक्त मला. 'भिया, आप अपना इसमें सुनो, बाहर का टेन्शन मत लो.' गायकाचा मान कळणारा माणूस.
आमच्या स्वानंदीला साथीला घेतलं. पोरीला आता तेरावं लागलंय. एकही माणूस उठला नाही. वन्स मोअर आला! आवाज पिकायला तीन वर्षं लागली, पण पिकला. तिसरा टप्पा : हार्मनी.
लतिकाने खंडोजीला तळणीच्या मोदकांचा डबा दिला. साउंडवाल्याला जपावं, म्हणाली. बायकोने बँडमध्ये पहिल्यांदाच लक्ष घातलं.

२३ नोव्हेंबर १९९८
धामनोदच्या ढाब्यावर वाजवून आलो. ट्रकवाल्यांची गाणी ट्रकवाल्यांपुढे! स्वानंदीची परीक्षा आणि खंडोजी दुसरीकडे, म्हणून ढाब्याचाच माइक. ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून दाद दिली. एक जण तर थांबेचना. दोघे-तिघे जेवण अर्धं टाकून निघाले. माल वेळेत पोचवायचा असेल. ढाबेवाला म्हणाला, 'साब, आप खाना खा लो, पैसे मत देना, बस अब आराम करो.' असा पाहुणचार.

५ जानेवारी २०००
कारखान्यात केसाएवढ्या फरकावरून अख्खा लॉट रिजेक्ट केला. क्वालिटी कंट्रोलमध्ये मला कसाई म्हणतात, माहीत आहे. घरी येऊन विचार केला, हाच काटा मी स्वतःला लावतो का? लावून पाहिला. रात्रीच्या जेवणाआधी सातही गाणी म्हटली, एकेक सूर तपासला. दोष आढळला नाही.

२ सप्टेंबर २००१
पियूषने यंदाचा कार्यक्रम टेप केला, रेकॉर्डर बाहेरच्या मोठ्या स्पीकरजवळ ठेवून. तीनदा ऐकला. स्वानंदी स्वच्छ ऐकू येते. माझा आवाज तिच्या आवाजात इतका मिसळलाय की वेगळा काढताच येत नाही. हार्मनी म्हणतात ती हीच. दत्ताजींना हे सांगितलं. ते बराच वेळ गिटारच्या तारा पुसत राहिले.

२० जानेवारी २००३
धारच्या समाजाचं आमंत्रण. 'चि. स्वानंदीस अवश्य आणावे', खाली दोन रेघा. मला आग्रह नाही. मोठ्या कलाकाराला आग्रह करायला लोक संकोचतात.

२४ ऑगस्ट
गणपती झाले की स्वानंदी शिकायला पुण्याला जाणार. घरात पाय ठरत नाही. तीनदा गिटार लावली, तीनदा ठेवली. ती गेल्यावर बँडचं काय? दत्ताजी म्हणाले, थांबू या, माझीही बोटं थकली. थांबायचं? पन्नाशीच्या दारात?
रात्रभर स्वतःला प्रश्न विचारले. उत्तर सोपं निघालं. चौथा टप्पा : मी एकटा. यंदा शेवटचं गाणं बिनसाथीचं म्हणून दाखवणार, म्हणजे लोकांना सवय होईल.
लतिका म्हणाली, 'अहो, कशाला?' स्वानंदी म्हणाली, 'बाबा, आपण दोघं म्हणू ना.' पोरीला एकटीला भीती वाटते.

२८ ऑगस्ट
खंडोजी आज दुसऱ्यांदा घरी आला. 'भिया, सोलो पक्का है क्या?' म्हटलं, एकदम पक्का. डोकं खाजवत गेला. चांगल्या साउंडची काळजी अशी असते.

५ सप्टेंबर, सकाळ
काल शेवटचं गाणं सुरू केलं आणि पहिल्याच ओळीला लाइट गेली. हे रोजचंच. बॉक्स गप्प, माइक गप्प. मी थांबलो नाही. म्हटलं, खरा गायक असाच कळतो. पूर्ण ताकदीने म्हटलं.
समाजाच्या हॉलला पत्रे आहेत. आवाज वर जाऊन परत येतो. पहिलं कडवं मी नेहमीसारखं म्हटलं. दुसऱ्याला परत येणारा आवाज ऐकला. एक लहान मूल रडायला लागलं. अंधारातून अण्णा ओरडले, 'अरे खंडोजी, जनरेटर लाव रे! लवकर!' 
तेवढ्यात स्वानंदी शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्याबरोबर म्हणू लागली. तिचा सूर आणि माझा, दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. अठ्ठावीस वर्षं हेच काम करतोय. फरक केसाएवढा नव्हता.
रिजेक्ट.
ती मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली. मीही. ती असताना थांबणं बरं दिसलं नसतं.

६ सप्टेंबर
खंडोजीच्या दुकानी गेलो. माझा माइक बाहेरच्या स्पीकरला कधी जोडला होता का, असं सरळ विचारलं. तो वायर गुंडाळत म्हणाला, 'भिया, बॉक्स तो हर साल चालू था. एकदम बढिया क्वालिटी.' सोलोला काय करणार होतास? म्हणाला, सात दिवस तोच विचार करत होतो, मग लाइटच गेली. आणि मोदक? 'भाभीजी ने कभी कुछ बोला नहीं. बस डब्बा देती थीं.'
घरी आलो. स्वानंदीची बॅग भरून दारात होती. लतिकाला काही विचारलं नाही.
रियाझ उद्या साडेपाचला, खिडकी लावून. पुढच्या वर्षी स्वानंदी गणपतीला येते म्हणाली आहे. मोदकांचा डबा खंडोजीकडे या वेळी मी स्वतः घेऊन जाईन. बॉक्स तिथेच असू दे, तोंड माझ्याकडे, एवढंच सांगायचं आहे.