सोमवारची सुट्टी

सोमवार, दि. १६ मार्च २०२६
मुक्काम इटली (गावाचं नाव लिहिलं तरी तुम्हाला वाचता यायचं नाही. मलाही अजून येत नाही.)

सौ. नंदावहिनींस,

शिनोलीच्या राघूचा नमस्कार. मी इथे बरा आहे. तुम्ही आणि समृद्धी खुशाल असाल असं धरून चालतो.

फोन असताना हा शहाणा कागद कशाला काळा करतोय, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर मला धड बोलता येत नाही, हे गेल्या आठवड्यात तुमच्याही लक्षात आलं असेल. म्हणून लिहितोय. फोटो काढून माझ्या थोरल्या बहिणीला, प्रयागबाईला पाठवतो. कागद मागून पोस्टाने येईल. समृद्धीचा दहावीचा शेवटचा पेपर झाला की प्रयागबाई तळेघरला येईल आणि हे तुमच्या हातात देईल. आलेल्या एसटीनं ती परत जाणार नाही, तिला मुक्कामाला ठेवून घ्या. मीच तसं सांगितलंय.

आज सुट्टी आहे. पहाटे म्हशींची दुधं पंजाबी माणसांनी काढली आणि ती माणसं खालच्या गावात आपल्या खोल्यांवर गेली. आता गोठ्यावर मी एकटाच. ऊन छान पडलंय. समोरचे डोंगर आपल्या घोडेगावच्या वरच्या अंगासारखेच आहेत, फक्त कुणीतरी रोज झाडून काढत असल्यासारखे स्वच्छ. दूर देवळाची घंटा वाजते तेवढाच आवाज. शेणाच्या टाकीवरचा पंप आठ दिवस बंद आहे, त्यामुळे म्हशी रवंथ करतात तेही खोलीत ऐकू येतं. अशी शांतता पैसे देऊन बघायला इथे लोक येतात म्हणे. मला ती नको झालीय.

इथे सगळ्यांची सुट्टी रविवारी, आमची सोमवारी. हे माझं डोकं. आपल्याकडे सोमवारी औत धरत नाहीत, भीमाशंकराचा वार. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी जालिंदरदादांच्या मागे लागलो की आपण वार पाळू. दादा हसले, पण माझ्यासाठी त्यांनी मालकाला अर्ज दिला: आम्हाला रविवारऐवजी सोमवार सुट्टी मिळावी. खाली दोघांच्या सह्या. मालकाने लगेच हो म्हटलं. मी आठवडाभर मोठा तीर मारल्यासारखा फिरत होतो.

गेल्या सोमवारची गोष्ट. तुम्ही पाठवलेल्या नाचणीच्या पिठाच्या भाकरी दादांनी थापल्या होत्या. माझ्या भाकरीला ते कायम नावं ठेवायचे, नंदाच्या हातची सर नाही म्हणायचे. जेवायला बसणार तेवढ्यात मालक दारात आला. तो आपल्या भाषेत बोलतो आणि त्याचा फोन ते हिंदीत सांगतो. फोन म्हणाला, "राघू, टाकी का पंप अटक गया है. दो मिनट का काम है."

नाव माझं घेतलं होतं, वहिनी. माझं.

मी म्हटलं, आज माझा वार आहे, मी लोखंडाला हात लावत नाही. मालक तसाच उभा राहिला. मग दादा उठले. हात धुतले, आणि मला म्हणाले, "तू बस रं. मी तर तळेघरचा, भीमाशंकराच्या दारातला हाय, त्यो मला वळखतो."

आता खरं सांगतो, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. वार बीर काही नव्हता डोक्यात. मला उठायचा कंटाळा आला होता. मी माझी भाकरी खाल्ली, त्यांची झाकून ठेवली आणि आडवा झालो. झोप लागली. तासाभराने जाग आली तेव्हा भाकरी तशीच होती. टाकीचं झाकण उघडं होतं आणि दादांच्या चपला शिडीपाशी होत्या. आतल्या वायूने माणूस एका श्वासात खाली बसतो, असं नंतर डॉक्टर म्हणाला. हाक मारायलासुद्धा वेळ मिळत नाही म्हणे. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल.

वहिनी, दादा गेले. दवाखान्यात आहेत, फोन वापरू देत नाहीत, हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा खोटं बोललो. ते दवाखान्यात आहेत, पण कसे ते आता तुम्हाला कळलं. गजराकाकूंना आज सांगू नका. आईचं काळीज आहे, प्रयागबाई सकाळी त्यांच्यापाशी बसेल.

पेपरांसाठी गप्प राहिलो म्हणालो तर तेही अर्धंच खरं. मालकाने एक कागद आणलाय. त्यावर फोन धरला की तो हिंदीत वाचून दाखवतो. त्यात असं लिहिलंय: सोमवारी कामगारांची सुट्टी होती, ती त्यांनीच लेखी मागितली होती. जालिंदर दारू पिऊन आपल्या मनाने टाकीकडे गेला. त्याला कुणी काम सांगितलं नव्हतं. मागे आमचा तो अर्ज टाचलाय. दादांनी चहाशिवाय कशाला तोंड लावलेलं मी तरी पाहिलं नाही. खाली सहीला जागा आहे, माझ्या. मालकाने काम सांगितलं ते ऐकणारे आम्ही दोघंच होतो, त्यातला मी उरलोय.

सही केली तर माझे राहण्याचे कागद वाढवून मिळतील. माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे. काल मी विचार करतो म्हटलं, तर त्याचा फोन म्हणाला, "आप यहाँ अकेले हैं. सोच लीजिए." मालक हसत होता. फोनला हसता येत नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

आठ दिवस मी सही करणारच होतो. सकाळी हे पत्र लिहायला बसलो, सवयीने वर 'सौ.' लिहिलं आणि हात थांबला. ते अक्षर तुमच्याकडून गेलंय आणि ते मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. खोडून दुसरं लिहायला घेतलं, ते जमलं नाही. वहिनी, मला तुमची फार लाज वाटली. दादा दारू पिऊन मेले असं तळेघरात कुणी समृद्धीच्या तोंडावर म्हणायचं, आणि ते माझ्या सहीनं. तेव्हा ठरवलं, सही करायची नाही.

मालक पाच वाजता येणार आहे. पोलीस चौकी खालच्या गावात आहे, शिनोलीहून घोडेगाव असेल तेवढी, तासाभराची वाट. फोटो पाठवले की मी चालायला लागतो. जाताना मालकाच्या बंगल्यावरूनच जावं लागतं, दुसरा रस्ता नाही. पोचलो तर प्रयागबाईला फोन करीन. आला नाही, तर माझी वाट न बघता हा कागद तहसीलला दाखवा, वकिलाला दाखवा. मालकाच्या कागदावर माझी सही कुणी दाखवली, तर ती मी आपल्या मनाने केली असं समजू नका.

म्हणून इथे सरळ लिहून ठेवतो. सोमवारी, नऊ मार्चला, जालिंदर सुट्टीवर नव्हते. माझ्या जागी कामाला गेले होते.

ज्याची पाळी होती तो,
राघू सोमाजी
रा. शिनोली, ता. आंबेगाव