घरातली हरकत

प्रिय श्याम,

काल दिवसभर तुझे फोन येत राहिले आणि मी एकही उचलला नाही. मुद्दामच उचलला नाही. फोनवर तू आधी "अक्का, जेवलीस का" म्हणतोस, माझं मन तिथंच पातळ होतं आणि बोलायचं ते राहून जातं. या वेळी ते राहायला नको, म्हणून कागद घेऊन बसले आहे. मध्येच बाजूला ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

शाळेला सील लागलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. गेल्या आठवड्यात मंगळवारी लागलं. सहावीचा भूगोलाचा तास चालू होता. मंडल अधिकारी, तलाठी, शिक्षण खात्याचे दोघं आणि एक पोलीस असे आले. मंडल अधिकारी माणूस वाईट नव्हता, तास संपेपर्यंत बाहेर मोटारसायकलवर बसून राहिला. मग पोरं दप्तरं उचलून लिंबाखाली येऊन उभी राहिली. तृप्तीनं, म्हणजे आपल्या भूगोलाच्या बाईंनी, फळ्यावर मराठवाड्याचा नकाशा काढला होता. तो पुसू का, असं तिनं विचारलं, तर आतलं काही हलवायचं नाही म्हणाले. दाराला कुलूप, कुलपाला कापड, कापडावर लाख, आणि पत्र्यावर डिंकानं चिकटवलेला कागद: शेतजमिनीचा विनापरवाना अकृषिक वापर. पोरांनी तो मोठ्यानं वाचला. मेंढरंवाल्या धुळाजीच्या नातीनं, मनीषानं, मला विचारलं की "मॅडम, आपण काय वापरलं?" मी तिचं दप्तर तिच्या खांद्यावर अडकवलं.

तू पुण्यात असतोस. ही शाळा कशी उभी राहिली ते तू तुकड्यातुकड्यांनी ऐकलंस, म्हणून एकदा सलग सांगते. आपल्या गावात झेडपीची शाळा पाचवीपर्यंत. पुढचं शिकायचं तर आष्टी. सकाळची एसटी बंद झाली, टमटमवाला माणसं भरल्याशिवाय हलत नाही, आणि मध्ये तो नवा सिमेंटचा रस्ता ओलांडायचा. मुलगे सायकलवर जायचे, मुली घरी बसायच्या. धुळाजीच्या वस्तीवरच्या लेकरांचं तर आणखीच अवघड. दिवाळी झाली की मेंढरांबरोबर निघायचं, परत येईपर्यंत वर्गात दुसरा धडा नाही, दुसरं पुस्तक चालू. एके दिवशी धुळाजीची बायको गोपिकाबाई आपल्या ओट्यावर येऊन बसली आणि अण्णांना म्हणाली, "मच्छिंद्रभाऊ, नात पाचवी पास झाली. आता तिला मेंढरातच शिकवू म्हंता का?" संध्याकाळी अण्णा मला फोन करून म्हणाले, "तू आष्टीच्या पोरांना शिकवून राह्यली. गावात येती का? सडकंचं वावर देतो."

मी आष्टीच्या खाजगी शाळेतली नोकरी सोडली. तेव्हा तू मला वेडी म्हणालास, आणि तुझ्या भाऊजींनीही तेच म्हटलं, पण स्कूटीही त्यांनीच घेऊन दिली. गावानं समिती केली, ती नोंदवली. ज्याच्याकडे ट्रॅक्टर होता त्यानं मुरूम आणून टाकला. जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये जाणारी आपल्या आळीतली पोरं रविवारी सुट्टीला आली की लोखंडी अँगल जोडत बसायची. पत्रे चढले, खिडक्या बसल्या. मेंढरं दिवाळीनंतर निघतात, म्हणून वर्गही आम्ही त्या हिशेबानं लावले. पावसाळ्यात जादा तास, निघायच्या आत परीक्षा, आणि परत आल्यावर उरलेलं. कुठल्या जीआरमध्ये असं लिहिलेलं नाही, पण पोरं शिकली. मनीषा आता सहज अपूर्णांक सोडवते.

सरकारचं इरादापत्र, म्हणजे शाळेची प्राथमिक मंजुरी, आलं तेव्हा अण्णांनी गावभर पेढे वाटले. त्यांना वाटलं, झालं. पण अंतिम मान्यतेसाठी जमीन आधी अकृषिक करून पाहिजे, मग इमारतीचा नकाशा मंजूर पाहिजे. आणि समितीच्या नावे भाडेपट्टा करून द्यायचं अण्णांच्या हातून राहिलं. गेल्या पौषात ते गेले. सातबाऱ्यावर आईचं, तुझं आणि माझं नाव लागलं.

तिथून मी कचेऱ्यांच्या चकरा मारत राहिले, श्याम. आधी सांगितलं, गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत असतं तर सोपं होतं, तुमचं वावर ओढ्याच्या पलीकडं. मग सांगितलं, शाळेला जायचा रस्ता रुंद पाहिजे, सडकेवरून शेडपर्यंत येणारा तुमचा पांदण रस्ता अरुंद. शेजारच्यांच्या हातापाया पडून दोन्ही बाजूंचे बांध मागं घेतले, त्यांनी बिनतक्रार घेतले. मग नगररचनेचा अभिप्राय, मग बांधकामवाल्यांचा, मग वीजवाल्यांचा, कारण वावराच्या कडेवरून तार जाते. एका साहेबाची बदली झाली, नव्यानं पहिल्यापासून विचारलं. ऑफिसातल्या एका बाईंनी मला अगदी मनापासून सल्ला दिला, "मॅडम, शेडमध्ये जनावरं बांधली असती तर काहीच लागत नव्हतं. गोठा शेतीतच मोजतात." त्यांचं काही चुकलं नव्हतं, नियम तसाच आहे. म्हशी बसल्या तर चालतं, मुली बसल्या तर गुन्हा. आणि त्याच सडकेवर, आपल्या वावराच्या समोर, परमिट रूम उभी राहिली. पाटी लागली, दिवे लागले, गाड्या थांबायला लागल्या. तिला रस्ता रुंद होता, तार आडवी येत नव्हती. आमच्या पोरी तिच्यासमोरून शाळेत येत होत्या.

या सगळ्यात एक कागद माझ्या हातात नव्हता, तुझं संमतीपत्र. मी तुला मजकूर पाठवला. तू म्हणालास, "पाठवतो." पाडव्याला म्हणालास, "ऑफिसातून प्रिंट काढतो." आखाजीला म्हणालास, "अक्का, नोटरीवाला भेटत नाही." मी पुण्याला येते म्हटलं, तर म्हणालास, "तू कशाला त्रास घेतेस, मीच गावाकडं येतो." मी दर वेळी विश्वास ठेवला. समितीत कुणी विचारलं की माझा भाऊ सही करणार, त्याचा प्रश्नच नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचे. उशीर होतोय तो ऑफिसमुळे, असंच मला वाटत होतं. प्रांत ऑफिसातल्या अंगद नावाच्या कारकुनाला तर मी भर ऑफिसात बोलले. म्हटलं, तुम्हाला पोरीबाळी नाहीत का, फाईल दाबून काय मिळतं तुम्हाला. तो खाली मान घालून दुसरी फाईल चाळू लागला.

गेल्या महिन्यात सुनावणीला बोलावलं. मी, तृप्ती, धुळाजी आणि समितीचे चौघं गेलो. गोपिकाबाई नातीला घेऊन आली होती, साहेबांना पोरगी दाखवायची म्हणून. आमची वेळ यायच्या आधी अंगद बाहेर व्हरांड्यात आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही मला लई बोलल्या, मी काही मनावर घेतलं न्हाई. पण आत जायच्या आधी तुम्हाला ठाव असावं. हरकत बाहेरच्याची न्हाई. तुमच्याच घरातली हाय." मला वाटलं, चुलत्यांपैकी कुणीतरी असेल. आत गेले तर एक तरुण वकील उभा राहिला आणि म्हणाला, मी सहहिस्सेदार राधेश्याम मच्छिंद्र यांच्या वतीनं हजर आहे. जमीन वडिलोपार्जित आहे, वाटणी झालेली नाही, शाळेला आमच्या अशिलाची संमती नव्हती आणि नाही.

"नव्हती" म्हणाला तो. शाळेच्या उद्घाटनाचा नारळ तू फोडला होतास.

साहेबांनी मला विचारलं, काही म्हणायचं आहे का. धुळाजी माझ्याकडे बघत होता. मी कागद पिशवीत घातले. संमती नाही म्हणून अर्ज तिथंच फेटाळला. परत येताना जीपमध्ये गोपिकाबाईच म्हणाली, "बाई, तू रडू नको. भाऊ हाय. त्याच्या डोक्यात काही आलं असंल." तिच्या नातीची शाळा बंद पडत होती आणि ती तुझी बाजू घेत होती. तिथं मला तुझा सगळ्यात जास्त राग आला.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला तेव्हा तू काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. शाळेला एकदा दिलेली जमीन परत येत नाही, म्हणालास. सडकेला आता भाव आहे, लॉन्सवाली पार्टी विचारून राह्यली, म्हणालास. पोरांची शिक्षणं आहेत, पुण्यात घर चालवणं सोपं नाही. श्याम, यातलं काही खोटं नाही. तू हे मला पाडव्यालाच तोंडावर सांगितलं असतंस तर मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि दुसरी जागा शोधली असती. गायरानाचं बघितलं असतं, मंदिराच्या मागची पडीक जागा बघितली असती. हातात वेळ होता. तू मला "पाठवतो" म्हणत राहिलास आणि मागच्या दारानं वकील पाठवलास. मी उंबरे झिजवत होते, भलत्याच माणसांना शिव्या देत होते, आणि तू रोज रात्री विचारत होतास की काम कुठपर्यंत आलं. कशासाठी विचारत होतास, एवढं तरी मला सांग.

आईला मी सांगणार नव्हते. पण सील लागलं त्या दिवशी ती स्वतः चालत वावरात आली. दाराला लागलेली लाख तिनं बोटानं चाचपून पाहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, "श्यामनं केलं ना?" तिला कसं कळलं ते मला अजून माहीत नाही. मग म्हणाली, "मी मंग त्याच्या बापाला काय तोंड दाखवू?" रात्री जेवली नाही. सकाळी उठली, अंघोळ केली, आणि मला म्हणाली, "चल, वकिलाकडं जायचं."

आता हे पत्र का लिहिते आहे, ते सांगते. दिवाळीत तू हक्कसोडपत्र तयार करून आणणार होतास आणि मी त्यावर सही करणार होते. मला काही नको होतं. आपल्याकडच्या बहिणी करतात तशी मीही केली असती, तुझ्या पोरांच्या डोक्यावरून हात फिरवून. ती सही मी करणार नाही. सोमवारी आम्ही कोर्टात वाटणीचा दावा दाखल केला आहे. आईचा हिस्सा आणि माझा हिस्सा सडकेकडून मागितला आहे, जिथं शाळा आहे तिथून. ओढ्याकडची काळी जमीन तुला. ती चांगली आहे, पिकेल, आम्ही त्यावर बोट ठेवलेलं नाही. निकालाला किती काळ लागेल ते वकिलालाही सांगता येत नाही. तोवर वर्ग मारुतीच्या सभामंडपात भरतील. मनीषा आणि वस्तीवरची चार पोरं या दिवाळीला मेंढरांबरोबर निघतील, ती परत येतील की नाही, हेही मला माहीत नाही. दाव्याची नोटीस तुझ्या पत्त्यावर येईल, बेलीफ सही मागेल. आपल्या बहिणीनं आणि आईनं आपल्यावर दावा केला, हे तुला अनोळखी माणसाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी आज लिहायला बसले. तुझी हरकत तू मला कळू दिली होतीस वकिलाच्या तोंडून. माझ्याच्यानं तसं होईना. गाव मला नावं ठेवेल, माहेर गमावलं म्हणेल, ते मी ऐकून घेईन. भाऊबीजेला यायचं असेल तर ये. मी ओवाळीन. जेवायला वाढीन. वावराचा विषय मात्र काढू नकोस, तो आता कोर्टात बोलायचा.

तुझीच,
अक्का